गुरुजींची साखर

सत्यनारायणाची कथा संपली, आरती झाली, शंख पिशवीत गेला, की आमचे घरमालक गुरुजी यजमानाला म्हणायचे, "आता बोट आना इकडे." यजमानाला वाटायचं, दोरा बांधायचा राहिला असेल. तो भाबडेपणानं हात पुढे करायचा. गुरुजी ताम्हनाशेजारून एक छोटी मशीन काढत, नवी सुई बसवत, आणि काय चाललंय ते कळायच्या आत यजमानाच्या बोटावर रक्ताचा टपोरा थेंब आलेला असे. मशीनवर आकडा उमटेपर्यंत गुरुजी डोळे मिटून बसत. बायकांना वाटे, एखादा मंत्र राहिला असेल, तो म्हणताहेत.

"दोनशे अडतीस," ते जाहीर करत. "शिऱ्याले परसाद म्हून चिमूटभर हात लावा, बाकीचा वाटून टाका. भगवान काही म्हनत नाही, डॉक्टर म्हनते."

एखादा तापट यजमान चिडायचा. "गुरुजी, मी तुमाले पूजेले बोलावलं, तपासनीले नाही."

"पुन्य किती वाढलं थे मेल्यावर कळन. साखर किती वाढली थे आत्ता कळून राहिलं. तुमाले कशाची घाई हाय थे तुमी पाहा."

पुढच्या वर्षी तोच यजमान पुन्हा गुरुजींनाच बोलावायचा, हे विशेष.

मी तेव्हा अमरावतीत एका कोचिंग क्लासमध्ये, डॉक्टर होऊ घातलेल्या पोरापोरींना जीवशास्त्र शिकवायचे. घर चांदूर बाजारला, रोजचं जाणंयेणं जमेना, म्हणून गुरुजींच्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला होता. खाली गुरुजी आणि काकू. गुरुजी उंच, काटकुळे, धोतर वर खोचून मोपेडवर बसले की लांबून एखादा बगळा येतोय असं वाटे. त्यांच्या तोंडात दोन भाषा राहत होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नव्हत्या. संस्कृतात आले की ‘ण’ असा खणखणीत की शेजारच्या घरात भांडं वाजावं. मराठीत उतरले की लगेच पानी, लोनी, कोन आणि काहून. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं एकदा विचारलं, "गुरुजी, एवढे विद्वान तुम्ही, मग मराठी अशी का?" गुरुजी म्हणाले, "संस्कृत देवासाठी हाय. देवाले वऱ्हाडी येत नाही, म्हून."

त्यांचा मधुमेह आधी काकूंच्या लक्षात आला. माणूस तांब्यामागून तांब्या पाणी पितोय, रात्रभर मोरीच्या वाऱ्या करतोय आणि धोतराची गाठ रोज एक वीत आत सरकतेय. गुरुजींचं म्हणणं, हा तपाचा परिणाम. कसलं तप, ते काकूंना विचारायचं धाडस मी केलं नाही. दही-चटणीतला गिला वडा दिसला की मोपेड आपोआप थांबणाऱ्या माणसाचं तप.

"माह्या घरान्यात हा रोग कोनालेच नाही," ते ठासून सांगत.

"आणि मामंजींचा पाय कशानं गेला?" काकू आतून विचारत.

"त्याईच्या पायाले वारं लागलं होतं."

"वाऱ्यानं अंगठा काळा पडतो का हो?"

शेवटी काकूंनी एका सकाळी चहा न देता त्यांना प्रयोगशाळेत नेलं. रिपोर्ट आला. गुरुजींनी तो आधी उभा वाचला, मग आडवा धरला, मग जिना चढून माझ्याकडे आले. ते मला मास्तरीणबाई म्हणत.

"मास्तरीनबाई, माह्या रक्तात साखर हाय म्हनते. आता रक्त गोड असन तर त्यात वाईट काय हाय?"

मी त्यांना मुलांना समजावते तसं समजावलं. खाल्लेल्याची साखर होते, ती रक्तातून फिरते, पेशींच्या दारात जाऊन उभी राहते. दार उघडायला इन्सुलिन नावाची चावी लागते.

"चावी हाय ना माह्याजवळ?"

"आहे. पण कुलपाला गंज चढलाय. फिरत नाही."

"मंग तेल घाला त्याले."

"तेच तर कमी करायचंय गुरुजी. तेल, तूप, गोड, भात. आणि रोज चालायचं."

ते उठले. "तुमी शिकवता तवा पोरं कोचिंग सोडून जात असतील," एवढं बोलून खाली गेले.

पण विषय त्यांच्या डोक्यात शिरला होता. गुरुजींना एखादी गोष्ट पटायला वेळ लागे, पण पाठ लगेच होई. थोड्याच दिवसांत त्यांनी सगळ्या तपासण्यांची आपल्या पद्धतीनं वर्गवारी लावली. उपाशीपोटीची साखर म्हणजे पाहुण्यासमोरचं पोरगं, हात बांधून शहाण्यासारखं बसतं. जेवणानंतरची म्हणजे पाहुणा गेल्यावरचं तेच पोरगं. आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी जी तपासणी, तिला ते चित्रगुप्त म्हणत. पहिल्या खेपेला त्यांनी तपासणीआधीचे तीन-चार दिवस कडकडीत पथ्य पाळलं. भाकरी, मेथी, ताक. डॉक्टरांकडे ऐटीत गेले. चित्रगुप्तानं अधिकमासातलं सगळं अनरशांचं प्रकरण बाहेर काढलं.

"याले कोनं सांगतलं?" गुरुजी डॉक्टरीणबाईंवर डाफरले. आमच्या डॉक्टरीणबाई ठेंगण्या, शांत, आणि त्यांच्या शांतपणाला गुरुजी घाबरत.

"तुमच्या रक्तानं," त्या म्हणाल्या आणि गोळी बदलून दिली. देताना बजावलं, "ही गोळी घेतली की जेवायचंच. उपाशी राहायचं नाही. चक्कर येईल, घाम फुटेल, भलतंच बोलाल."

"मी भलतंच बोलतो असं लोक आत्ताच म्हनतात," गुरुजी म्हणाले. ऐकलं ते एवढंच. कारण त्यांनी मनाशी एक शोध लावून ठेवला होता. आदल्या दिवशी साखर जास्त दिसली, की दुसऱ्या दिवशी तिला उपाशी मारायची. गोळी घ्यायची, वर जेवण बंद. एका शत्रूवर दोन्हीकडून हल्ला. एरवी पूजेच्या दिवशी उपास असेच. आता त्याला वैद्यकाचा पाठिंबा मिळाला. काकू ताट वाढून बसत आणि गुरुजी म्हणत, "आज साखरेले शिक्षा हाय."

ही शिक्षा अकोल्याच्या लग्नात भोगावी लागली.

आमच्याच गल्लीतली मुलगी. कधीकाळी माझ्या वर्गात होती, पुढे फिजिओथेरपी शिकली. घर आणि तोंड दोन्ही चालवणारी. तिचं लग्न अकोल्याकडच्या शेतकरी घरात ठरलं होतं. मुलगा इंजिनियर, दिसायला सालस, बोलायला कमी. मुलीकडच्यांनी गुरुजींना अमरावतीहूनच नेलं, सोबत बसभर गल्ली. मे महिना. अकोल्याचा मे म्हणजे डांबरावर चप्पल चिकटते आणि माणूस सावलीशी गोड बोलायला लागतो. मंगल कार्यालयात कूलर भरपूर होते, पण ते एकमेकांचीच हवा घेत होते.

सकाळी बसमध्येच मला कळलं की गुरुजींनी गोळी घेतली आहे आणि खाल्लेलं काही नाही. आदल्या दिवशी कुठेतरी बासुंदी झाली होती. मी पोह्यांची प्लेट पुढे केली. "लग्न लावल्याशिवाय अन्न नाही," ते म्हणाले. मुहूर्त दुपारचा होता, आणि नवरदेवाची वरात डीजेच्या गाडीमागे कार्यालयाच्या फाटकाशी येऊन अशी अडकली होती की पुढे सरकेचना. नवरदेवाचे मामा नाचत होते. आडदांड माणूस, घामानं निथळत, दर गाण्याला ‘हे शेवटचं’ म्हणत.

शेवटी अंतरपाट धरला तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. गुरुजी माइकसमोर उभे. पहिलं मंगलाष्टक नेहमीसारखं खणखणीत झालं. दुसऱ्याला मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. उपरणं ओलंचिंब, चेहरा कागदासारखा, आणि पोथी धरलेला हात थरथरतोय. मला वाटलं, उकाडा. तिसऱ्याच्या मध्येच ते थांबले. अक्षता उचललेले शेकडो हात तसेच वर राहिले.

"जानवं उजव्या खांद्यावर घ्या," गुरुजी नवरदेवाला म्हणाले. "दक्षिणेकडं तोंड करा. तीळ आना, दर्भ आना."

एवढं सगळ्या कार्यालयानं ऐकलं, आणि बाहेर रस्त्यावर लावलेल्या दोन भोंग्यांतून अर्ध्या मोहल्ल्यानंही. दक्षिणेकडे तोंड करून तीळ कशासाठी लागतात हे कळायला कोणाला पोथी लागत नाही. गुरुजी ऐन लग्नात श्राद्ध लावत होते.

एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. कोणीतरी माइक ओढला. मामा पुढे धावले. "म्हातारा पेऊन आला! बाहेर काढा याले!" त्यांनी गुरुजींचा दंड धरला. गुरुजी त्यांच्याकडे अतिशय सौम्यपणे पाहत म्हणाले, "तुमी पिंडाले हात लावू नका, तुमी जावई हा."

मी खुर्च्या ढकलत पुढे निघाले होते, पण मध्ये माणसंच माणसं. माझ्याआधी आवाज आला तो अंतरपाटापलीकडून.

"मामा, सोडा त्यांना! ते प्यालेले नाहीत. शुगर उतरली आहे त्यांची!"

नवरदेवानं शेरवानीच्या आतल्या खिशातून ग्लुकोजच्या पावडरची पुडी काढली, दातांनी फाडली, कोणाच्या तरी हातातल्या पाण्यात ओतली आणि गुरुजींना चौरंगावर बसवून ग्लास ओठांना लावला. "घोट घ्या. गिळा. अजून एक." हात इतका सराईत की मी जागीच थांबले. वर्गात मी हे फळ्यावर शिकवते. हा मुलगा ते जगलेला दिसत होता.

मी गुरुजींच्या पिशवीतून त्यांची मशीन काढली. ती तेव्हा फक्त त्यांच्यापुरतीच होती. आकडा आला चौपन्न, आणि तोही काही घोट पोटात गेल्यावरचा. मी मोठ्यानं सांगितलं, साखर फार खाली गेली की मेंदूला खाद्य मिळत नाही, माणूस बरळतो, दारू प्यायल्यासारखा दिसतो, वेळेवर गोड मिळालं नाही तर जिवावर बेततं. मामा एक पाऊल मागे सरले.

तेवढ्यात अंतरपाट खाली आला. नवरीनंच तो हातानं खाली ओढला होता.

"तुला कसं कळलं?" तिनं नवरदेवाला विचारलं. "आणि लग्नात खिशात ग्लुकोज घेऊन कोण फिरतं?"

त्यानं आपल्या वडिलांकडे पाहिलं, आणि ते पायांतल्या जोड्यांकडे पाहायला लागले. तेवढ्यानं सगळं उघड झालं.

मग जो कल्लोळ झाला तो सांगण्यात अर्थ नाही. फसवणूक, विश्वासघात, बस काढा, पोलीस बोलवा. मुलाचे वडील एकच वाक्य धरून बसले होते, "लग्नानंतर सांगनारच होतो." मुलीचे वडील म्हणत होते, "मंग बारशाले सांगा!" मुलगी माझ्याकडे आली. मेहंदीचे हात, कपाळावर मुंडावळ्या, डोळ्यांत पाणी नव्हे, आग.

"मॅडम, खरं सांगा. त्याचा मधुमेह कोणता असेल?"

"त्याच्या वयाला बहुतेक इन्सुलिनवाला. गुरुजींच्या कुलपाला गंज आहे, त्याच्याकडे चावीच तयार होत नाही. रोज बाहेरून घ्यावी लागते."

"किती वाईट?"

"रोजचं आहे. इंजेक्शन, मोजणं, वेळेवर खाणं. सांभाळलं तर माणूस सगळं करतो. नाही सांभाळलं तर वाईट."

इतक्यात माइकमधून एक ओळखीचा खाकरा आला. गुरुजी भानावर आले होते. चौरंगावर बसूनच त्यांनी माइक हातात घेतला होता आणि रिकाम्या ग्लासाकडे पाहत होते.

"लागलं का लग्न?" त्यांनी विचारलं. कोणीतरी त्यांच्या कानात सगळं सांगितलं, श्राद्धासकट. त्यांचा चेहरा पडला. क्षणभर मला वाटलं, हा माणूस आता उठून चालू लागेल आणि पुन्हा कधी पोथी उघडणार नाही. पण ते गुरुजी होते.

"चुकलं माह्यं," ते माइकवर म्हणाले. "गोळी घेतली अन् जेवलो नाही. डॉक्टरीनबाईनं सांगतलं होतं, ऐकलं नाही. मी पेत नाही, पन मूर्ख हाव. आता तुमी सारे बसा. हे दोघं बोलतीन. बापाईनं बोलू नये, मामाईनं तर नाहीच नाही."

"मुहूर्त टळून गेला गुरुजी," कोणीतरी म्हणालं.

"डीजे वाजून राहिला तवा नाही टळला? मुहूर्त माह्या पंचांगात हाय, त्या गाडीत नाही. बसा म्हनतो ना!"

त्यांनी नवरानवरीला चौरंगाशेजारी उभं केलं, अंतरपाट पुन्हा धरायला लावला, आणि "माइक बंद करा बे" म्हणत माइक मांडीवर ठेवला. बंद मात्र कोणी केला नाही. त्यामुळे पुढचं सगळं कार्यालयानं ऐकलं आणि कोणीही त्या दोघांना तसं सांगितलं नाही.

"कधीपासून?"

"बारावीपासून."

"आणि मले सांगावं वाटलं नाही?"

"आधी दोन ठिकाणी सांगितलं होतं. दोन्हीकडून नाही आलं. मग बाबा म्हणाले..."

"मी बाबाशी लग्न करून राहिली काय?"

मागच्या रांगेत कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"भीती वाटली," तो म्हणाला. "तू नाही म्हणशील याची."

"मी काय म्हटलं असतं ते तुला माहीतच नाही. विचारलंच नाहीस. माझ्या वतीनं तूच नाही म्हणून मोकळा झालास."

मग तिचा आवाज बदलला. क्लासमध्ये शंका विचारायची तसा.

"आज इंजेक्शन घेतलं?"

"सकाळी."

"जेवलास?"

"नाही. वरात..."

"पुडी होती ती तर गुरुजींना पाजलीस. आता तू पडलास तर?"

ती अंतरपाट बाजूला करून बाहेर आली आणि थेट गुरुजींना म्हणाली, "गुरुजी, आधी जेवण. बाकीचं जेवल्यावर बघू. लग्न लागेल का नाही तेही तेव्हाच सांगते."

मुलाकडची एक आत्या कळवळली. "अगं, नवरानवरी लग्नाआधी जेवतात का? शास्त्रात बसतं का हे?"

"शास्त्र मी सांगतो ना," गुरुजी माइकवर गरजले. "अक्षता टाकून नवरा पडला तर कोनत्या शास्त्रात बसन? पंगत मांडा!"

तर त्या दिवशी अकोल्यात लग्नाआधी पंगत बसली. नवरा, नवरी आणि मध्ये गुरुजी. जिलबी आली तेव्हा नवरदेवानं आणि गुरुजींनी एकाच वेळी हात आडवे केले, आणि मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. गुरुजींनी त्याच्या पानात पोळ्या मोजून वाढायला लावल्या, मला पुन्हा मशीन काढायला लावली, दोघांचे आकडे शेजारीशेजारी पाहिले. इंजेक्शन पोटाला टोचताना दुखतं का, उन्हात खराब होतं का, असल्या शंका विचारत राहिले. मी आयुष्यात त्यांना कोणासमोर इतकं विद्यार्थी झालेलं पाहिलं नव्हतं. नवरी मुकाट्यानं वरणभात कालवत ऐकत होती.

हात धुऊन ती मुलाच्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली. हा मिशाळ, प्रतिष्ठित माणूस तिच्यापेक्षा फूटभर उंच असेल.

"बाबा, इंजेक्शनं घरी कुठं ठेवता?"

"फ्रिजात... खालती... भाजीच्या मांगं. कोनाले दिसू नाही म्हून."

"उद्यापासून दारातल्या कप्प्यात. लोणच्याच्या बरणीशेजारी. आल्यागेल्याला दिसली पाहिजेत. आहे कबूल?"

त्यांनी मान हलवली. मग ते म्हाताऱ्या माणसासारखे खुर्चीवर बसले आणि उपरण्यानं डोळे पुसू लागले. कितीतरी वर्षं तेही ती भाजी मागेपुढे सरकवत होते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

लग्न लागलं. मंगलाष्टकं गुरुजींनी पहिल्यापासून म्हटली, उत्तरेला, दक्षिणेला कुठेच घसरले नाहीत. मामांनी अक्षता सगळ्यांत जोरात टाकल्या.

परतीच्या बसमध्ये गल्ली गुरुजींना छळायला टपली होती, पण ते झोपून गेले. बडनेरा आलं तसे जागे झाले आणि मला म्हणाले, "त्या पोरानं मले पाह्यलं नसतं तर मामानं मले फेकलं असतं उन्हात. अन् लोकाईनं म्हटलं असतं, पेऊन मेला." त्यानंतर घर येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी सुयांचा मोठा डबा आणला, आणि अमरावतीतल्या यजमानांची बोटं धोक्यात आली.

पुढे मी बडनेऱ्यात घर घेतलं, लग्न झालं, वास्तुशांतीला अर्थातच गुरुजींना बोलावलं. आता जरा वाकले होते, पायात मऊ तळाचे बूट; ते त्यांनी देवघराच्या उंबऱ्यापर्यंत घातले, कारण तळपायाला जखम झाली तर कळत नाही. माझ्या सासूबाईंनी आधीच ओठ आवळले. मांडणी झाली, गणपती बसला, सगळे हात जोडून उभे राहिले, आणि गुरुजींनी पिशवीतून काकूंनी दिलेला डबा काढला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ. गणपतीसमोरच मांडी घालून ते शांतपणे जेवायला लागले.

"गुरुजी!" सासूबाईंना राहवेना. "अजून देवाला नैवेद्य नाही, आणि तुम्ही आधी?"

गुरुजींनी घास संपवला, वर पाणी घेतलं, हात धुतले आणि गणपतीला मनापासून नमस्कार केला.

"बाप्पा," ते म्हणाले, "आजचा उपास तुमी धरा. तुमाले शुगर नाही."